उदगीरच्या पलंगाची गादी

खोली सोडायची म्हटलं की कमलम्मा गादी सगळ्यात शेवटी बांधायची. भांडी, डबे, शेगडी, पुस्तकांची पोती आधी दाराशी जाऊन बसायची आणि मोकळ्या फरशीवर ती फोमची गादी एकटीच पडून राहायची. लातुरात आल्यापासून इतक्या खोल्या बदलून झाल्या होत्या की हे काम तिच्या अंगवळणी पडलं होतं. आज मात्र नुसतं गादीकडे बघूनच तिच्या कमरेत कळ आली. ती भिंतीला टेकून खाली बसली ती बसूनच राहिली.

"अव्वा, टेम्पोवाला येईल की. ऊठ," अंबिका म्हणाली.

"उठते गं. दम तर खाऊ दे."

अंबिका तिची धाकटी. दोनदा परीक्षा देऊन, घरादाराच्या तोंडचं पाणी पळवून, अखेर यंदा दिवाळीनंतर तिचा नांदेडला आयुर्वेदाला नंबर लागला होता. उद्या ती तिकडच्या वसतिगृहात जाणार. थोरला सिद्धराम आधीच पुण्यात नोकरीला लागला होता. ज्यासाठी कमलम्मा उदगीरचं घर आणि नवरा सोडून इथे आली होती, ते काम एकदाचं संपलं होतं.

लातुरात चौकाचौकात मोठमोठे फलक लागतात. त्यांवर पहिल्या आलेल्या पोरांचे फोटो, क्लासवाल्या सरांचे फोटो, सरांच्या शेजारी उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांचेही फोटो. पोरांना पहाटे उठवून चहा देणाऱ्या बायकांचा फोटो लावायचं अजून कुणाला सुचलेलं नाही. अशा बायका इथे गल्लोगल्ली आहेत. गावाकडचं घर मागे टाकून एकेक खोली घेतात, पोळ्या लाटतात, अकरा महिन्यांचा करार संपला की बाडबिस्तरा उचलतात आणि पुढच्या गल्लीत जातात. कमलम्मा त्यांतलीच एक.

गादी खरं तर उदगीरच्या पलंगाची. तिच्या नवऱ्याने, राजशेखरने, हौसेने सागवानी पलंग करून घेतला होता. दोरीने त्याचं माप घेतलं आणि बरोबर त्या मापाची गादी बनवून आणली. त्याच आठवड्यात सिद्धरामचं लातूरला जायचं ठरलं.

"पोरगं फरशीवर झोपून अभ्यास कसा करंल? घेऊन जा," राजशेखर म्हणाला. "दोन वर्षांचा तर सवाल हाय. वरचं प्लॅस्टिक तेवढं काढू नको. परत आली की पलंगावर टाकू, तवा काढू."

दोनाची आठ वर्षं झाली, पण प्लॅस्टिक काही निघालं नाही. फाटलं तिथे कमलम्माने चिकटपट्टी लावली. उन्हाळ्यात ते पोरांच्या पाठीला चिकटायचं, त्यावरची चादर सारखी घसरायची आणि कूस बदलली की सगळी खोली करकरायची. आपण वळलो तर अभ्यास करून झोपलेल्या लेकराची झोप मोडेल, म्हणून कमलम्मा स्वतः दाराजवळ सतरंजी टाकायची. गादीवर जागा होती. पण ती त्या गादीवर एक दिवसही झोपली नाही.

तिकडे उदगीरला रिकाम्या पलंगाचंही बरं चाललं होतं. राजशेखरचं किराणा दुकान घराच्या पुढच्याच खोलीत. पलंगावर आधी बिस्किटांचे दोन-चार खोके आले, मग साबणाचे, मग पंख्याला लागतील इतके. कमलम्मा सणाला घरी गेली की तिथेही खालीच झोपायची. स्वतःच्या घरात पाहुणीसारखी चार दिवस काढायची आणि परत यायची. तिला याचं फार वाईट वाटायचं, पण तिने कधी तोंडातून ब्र काढला नाही.

मागच्या आठवड्यात तिच्या दिराचा, गुरुपादप्पाचा फोन आला. त्याचा मुलगा शिवांश लातुरात अकरावीला होता. वसतिगृहाच्या मेसचं जेवण त्याला सोसलं नाही, कावीळ झाली.

"वहिनी, तुमच्या हातचं खाल्लं की पोरगं सुधरंल बघा," गुरुपादप्पा म्हणाला. "तुम्हाला लातूरची सवय हाय. तुमच्या मागच्याच गल्लीत मोठी खोली बघून ठेवली हाय. सामान तेवढं हलवा, बाकी आमी बघतो."

मग त्याच्या शेजारीच बसलेला राजशेखर फोनवर आला. "हाव, दीड वर्षाचा तर सवाल हाय."

कमलम्मा म्हणाली, "हं."

त्या घरात तिचा हं म्हणजे होकार. लग्न झाल्यापासून ती हं म्हणत आली होती आणि पुढचं सगळं ठरत आलं होतं. या वेळी तो हं तोंडातून निघाला आणि तिचा तिलाच संताप आला. शिवांशचा राग नव्हता, पोरगं गुणी होतं. पण आता तिचं शरीर नको म्हणत होतं. गुडघे, कंबर, मान, सगळंच. आठवडाभर ती भांडी घासताना, कपडे वाळत घालताना मनातल्या मनात एकच वाक्य घोकत होती: मला न्हाई जमणार. फोन लावायला मात्र हात धजत नव्हता.

"चल, धर तिकडून," ती शेवटी उठली.

गादी बांधायची तिची रीत ठरलेली होती. खाली जुनं लुगडं अंथरायचं, त्यावर गादी, गादीच्या मधोमध फुटायच्या वस्तू: बसवण्णांची तसबीर, आरसा, लोणच्याची बरणी. मग एका टोकाकडून गुंडाळत न्यायची, गुडघ्याने दाबून हवा काढायची आणि जुन्या साडीच्या पट्ट्यांनी बांधायची. सुतळी वापरायची नाही, सुतळीने फोमला खाचा पडतात आणि त्या परत भरत नाहीत.

दोघींनी टोक उचललं, गुंडाळायला सुरुवात केली. कमलम्माने गुडघा टेकवला आणि टर्रकन आवाज झाला. प्लॅस्टिक उभंच्या उभं फाटलं होतं.

"घ्या! आता?" ती हताश होऊन म्हणाली.

अंबिका मात्र गादीकडे बघतच राहिली. प्लॅस्टिक धुळीने, उन्हाने आणि चहाच्या डागांनी केव्हाच मातकट झालं होतं. आतली गादी मळकट तपकिरी आहे असंच ती लहानपणापासून धरून चालली होती. फाटलेल्या जागेतून आता पांढरंशुभ्र कापड दिसत होतं आणि त्यावर बारीक निळी फुलं.

"अव्वा, ही अशी होती व्हय?"

कमलम्माने फुलांवरून हात फिरवला. कापड मऊ होतं. दुकानातून आणली त्या दिवशी होतं तसंच. "अशीच होती," ती म्हणाली. "माझ्याच पसंतीची. इसरूनच गेले होते मी."

अंबिका मग म्हणाली, "तुला जायचंय का गं मागच्या गल्लीत?"

एवढ्या दिवसांत हे तिला कुणीच विचारलं नव्हतं. कमलम्माला एकदम भरून आलं. तिने तसबीर, आरसा, बरणी बाजूला काढली, गादी पुन्हा सपाट केली आणि दोन्ही हातांनी ओढून सगळं प्लॅस्टिक फाडून टाकलं. मग ती गादीवर आडवी झाली. पाठीखाली काहीच वाजलं नाही. तिने कूस बदलली, तरी नाही. डोळ्यांतून पाणी कानाकडे वाहत गेलं आणि तिने ते पुसलंही नाही.

"लई दमले गं मी," ती म्हणाली.

अंबिका तिच्या पायाशी बसून पाय चेपू लागली. बाहेर टेम्पो थांबला तरी दोघी उठल्या नाहीत.

टेम्पोवाला विनोद दारातून डोकावला. मागच्या दोन्ही खोल्यांचं सामान त्यानेच हलवलं होतं. "काकू, मागच्याच गल्लीत न्यायचंय न्हवं? एका फेरीत होईल."

कमलम्मा उठून बसली. पदराने तोंड पुसलं.

"उदगीरला येतोस का?"

"उदगीर? आधी सांगायचं की! डिझेल भरून येतो," म्हणत विनोद माघारी फिरला.

मग तिने राजशेखरला फोन लावला. 

"अंबिकाला घेऊन मी आजच घरी येते. उद्या तिला तिकडूनच नांदेडच्या गाडीत बसवू," ती म्हणाली. "शिवांशला आपल्याकडं उदगीरला आणा. बरा होईपर्यंत मी करून घालते. पुढं त्याला त्याची आई हाय. मला लातुरात न्हाई जमणार."

"अगं, पण तू तर हं म्हणली होतीस," राजशेखर म्हणाला.

"म्हणले होते. आता न्हाई म्हणते."

तो काहीतरी बोलू लागला: गुरुपादप्पाला काय सांगू, खोली बोलून ठेवलीय. कमलम्माने ते सगळं ऐकून घेतलं. घाई नव्हती, विनोद डिझेल भरायला गेला होता.

"आन ऐका," तो थांबल्यावर ती म्हणाली. "पलंगावरचे खोके काढून ठेवा. गादी घेऊन येते."

"एवढे खोके ठेवू कुठं?"

"ते तुमचं तुमी बघा."

पलीकडे दुकानात कुणीतरी साखर मागत होतं. मग राजशेखरचा बारीक आवाज आला.

"हं."