चोथ्याचं पिंप
चहाचा चोथा उकळल्याचा वास आला की न्यू जर्सीतलं माझं तांब्याचा मुलामा देण्याचं वर्कशॉप आठवतं. ऐंशीच्या दशकात, तांब्यानं निळं झालेलं पाणी गटारात सोडतो म्हणून इन्स्पेक्टर टाळं लावणार होता आणि पाणी शुद्ध करायचं यंत्र विकणारा फिल्टरवाला भावात तसूभर हलेना. मी भडकून फिल्टरवाल्याला हाकललं. एकदा बादलीतल्या निळ्या पाण्यात चहाचा चोथा पडून ते फिकं झालेलं पाहिलं होतं, म्हणून मराठी घराघरांतून चोथा जमवला. दूधसाखरेनं तो आंबला, वर्कशॉपभर घाण सुटली. “अहो, आधी उकळून धुवा तरी!” बायको ओरडली. धुतलेल्या चोथ्याच्या पिंपातून पाणी नितळ उतरलं, नमुना पास झाला. “यात आहे काय?” इन्स्पेक्टरनं विचारलं. “आमचा चहा!” मी म्हटलं. फिल्टरवाल्यानं पुढे ही युक्ती कुठूनतरी ऐकून स्वतःची म्हणून विकली, तो राग अजून जात नाही. पण पहिलं पिंप माझं, आणि ते आजही माझ्या गॅरेजमध्ये उभं आहे.