पुस्तकात नसलेल्या अकरा पायऱ्या

आमच्या समोरच्या दारात राहणाऱ्या गृहस्थांना सगळी इमारत पायरीकाका म्हणते. मीही म्हणते, ते माझ्याहून दोन-तीन वर्षांनी लहान असले तरी. टपाल कचेरी कुठे आहे असं कुणी विचारलं, तर ते म्हणतात, "पायरी एक: फाटकाबाहेर पडा." आणि विचारणारा खरोखर फाटकाकडे वळेपर्यंत दुसरी पायरी सांगत नाहीत.

लढाऊ विमानांच्या कारखान्यात त्यांनी बावीस वर्षं मिस्त्री म्हणून काम केलं. मग पाठीने दगा दिला, वजन उचलणं बंद झालं आणि त्यांना देखभालीची पुस्तकं लिहिणाऱ्या विभागात बसवण्यात आलं. काकूंना ही बदली फारशी मानवली नाही. "पूर्वी विमान उघडून बसायचे, आता घरी येऊन माझं डोकं उघडून बसतात," असं त्या म्हणतात.

विमानाचा कुठला भाग कसा काढायचा, कसा तपासायचा, पुन्हा कसा बसवायचा, हे त्या पुस्तकांत असतं. एका कामाचं एक प्रकरण. पायरीकाकांची पद्धत अशी, की लिहून झालेलं प्रकरण विमानातलं ओ की ठो कळत नाही अशा माणसाला वाचायला द्यायचं. अशी माणसं आमच्या इमारतीत पुष्कळ आहेत, पण शेवटच्या पानापर्यंत टिकणारी मी एकटीच. तेहतीस वर्षं वह्या तपासल्यावर माणसाला काहीही वाचता येतं. मी विचारायचे, "'नीट घट्ट करा' म्हणजे किती घट्ट?" की त्यांचा चेहरा खुलायचा. "बाई, तुमचं अज्ञान फार उपयोगी पडतं हो," असं ते मनापासून म्हणत, आणि मीही ते कौतुक म्हणूनच घेत असे.

गेल्या वर्षी एका देशाची माणसं विमान पाहायला आली. हे विमान हवेत झुंजतं, जमिनीवर मारा करतं आणि टेहळणीही करतं. ज्यांना तीन कामांसाठी तीन जातींची विमानं पाळणं झेपत नाही, त्यांच्या दृष्टीने ते सोयीचं. पण तोवर ते आपल्याच हवाई दलाखेरीज कुणी घेतलेलं नव्हतं. पहिलं बाहेरचं गिऱ्हाईक मिळणं अवघड असतं. एकाने घेतलं की बाकीचे चौकशीला येतात. कुणीच घेतलं नसेल तर प्रत्येक जण दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहत बसतो. ही मंडळी अठरा विमानांचं बोलत होती. उड्डाणं पाहून झाली होती, शस्त्रांच्या याद्या झाल्या होत्या. उरली होती एकच अट, आणि ती कारखान्याच्या विक्रीसाहेबांना अगदीच चमत्कारिक वाटली.

अट घातली होती त्यांच्या तपासणी अधिकारी असलेल्या बाईंनी. केस पांढरे, कापलेले; चष्मा गळ्यात दोरीला. त्या दुभाष्यामार्फत म्हणाल्या, "याआधी आम्ही घेतलेल्या विमानांचा साधा पंप बदलायचा तरी विकणाऱ्याचा माणूस बोलवावा लागायचा. तो येईपर्यंत विमान आपलं उभं. म्हणून आमचे दोन मिस्त्री, ज्यांनी हे विमान कधी पाहिलेलं नाही, ते तुमच्या पुस्तकावरून इंधनाचा पंप बदलतील. वेळ चार तास. तुमची माणसं उभी राहू शकतात, बोलू शकत नाहीत. कुणी तोंड उघडलं की चाचणी संपली."

इंधनाच्या पंपाचं प्रकरण पायरीकाकांचं होतं. बावन्न पायऱ्या. रविवारी ते माझ्याकडे घेऊन आले, मी तिसऱ्यांदा वाचलं, मला कुठे काही अडलं नाही. कारखान्यातल्या मिस्त्र्यांनी दोनदा रंगीत तालीम केली. दोन तास दहा मिनिटांत काम फत्ते. विक्रीसाहेबांनी पायरीकाकांच्या पाठीवर थाप मारली, नेमकी दुखऱ्या जागी.

पुढचं मला त्यांनीच सांगितलं, अर्थात पायऱ्या पाडून.

चाचणीच्या दिवशी सकाळी नऊला ते दोन पाहुणे मिस्त्री कामाला लागले. एक उंच, एक बुटका. उंच माणूस बोट ठेवून पायरी वाचायचा, बुटका हात चालवायचा. तीस पायऱ्या झकास झाल्या. एकतिसावीला बुटक्याने पाकिटातून रबराची रिंग काढली. पंप आणि त्याची बैठक यांच्यामध्ये ती बसते आणि इंधन पाझरू देत नाही. त्याने ती कोरडीच खोबणीत ठेवायला घेतली.

"आमच्याकडे कुणीही ती कोरडी बसवत नाही, बाई," पायरीकाका मला म्हणाले. "बोट इंधनात बुडवायचं, रिंगवरून एक फेरी मारायची, मग बसवायची. कोरडी बसवली तर आत पिळवटते. मला कुणी हे शिकवलं नाही. पहिल्या दिवशी माझे उस्ताद करत होते, मी केलं. माझं बघून पुढच्यांनी केलं. तालमीतही सगळ्यांनी केलं, आणि मी समोर उभा राहून पाहिलं!"

पुस्तकात त्याबद्दल अक्षर नव्हतं.

त्यांनी मनातल्या मनात हिशेब केला. सत्तेचाळिसाव्या पायरीला गळती पाहायची असते: सांध्याला पांढरं कापड लावायचं, दाब द्यायचा, दहा मिनिटं थांबायचं. कापड ओलं होईल, हे दोघे पंप उघडतील, पिळवटलेली रिंग टाकून दुसरी घालतील. वेळ हातात होता. दुसरी कदाचित नीट बसलीही असती. समोर विक्रीसाहेब डोळे वटारून उभे होते. पण पिळवटलेली रिंग कधीकधी दहा मिनिटं धरते आणि हवेत गेल्यावर सोडते, हे पायरीकाकांना ठाऊक होतं. तिकडे त्या देशात शेजारी उभं राहायला कुणी असणार नव्हतं.

"थांबा," ते म्हणाले. "पुस्तकात चूक आहे. माझी."

अधिकारी बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला, घड्याळ पाहिलं, वहीत एक ओळ लिहिली आणि वही मिटली. चाचणी संपली.

बाहेर आल्यावर साहेबांचे कान लाल झाले होते. "थोडा वेळ तोंड मिटून उभं राहता आलं नाही तुम्हाला?"

"आलं असतं, साहेब."

"मग?"

"मग रिंग पिळवटली असती."

संध्याकाळी ते माझ्याकडे येऊन बसले. चहावर साय धरली तरी कपाला हात लावेनात. "तुमच्याही लक्षात आलं नाही, बाई," म्हणाले. "माझ्या कसं येणार? मला काय ठाऊक रिंगा भिजवतात ते!" मी जरा चिडूनच म्हणाले. काकू दारात उभ्या होत्या. "तीस वर्षं मी गप्प बसा म्हणतेय," त्या म्हणाल्या. "शेवटी सांगायला परदेशातून माणसं आली, तरी बसले नाहीत!" त्यावर मात्र ते हसले, आणि गार चहा एका घोटात संपवला.

दुसऱ्या दिवशी अधिकारी बाईंनी साहेबांना वगळून थेट पायरीकाकांनाच बोलावलं. "तुम्ही स्वतः मिस्त्री होतात. मग हे लिहायचं राहिलं कसं?"

"हात आपोआप जातो. त्यामुळे ती पायरी आहे असं वाटलंच नाही."

"मग तुमच्या हातांना आणखी काय काय ठाऊक आहे?"

एवढ्या वर्षांत इतका चांगला प्रश्न आपल्याला कुणी विचारला नव्हता, असं पायरीकाका अजून म्हणतात. अधिकारी बाईंनीच मार्ग सुचवला. त्यांचे दोघे मिस्त्री स्टुलावर पुस्तक घेऊन बसतील, कारखान्याचे मिस्त्री पंप बदलतील. पुस्तकात नाही असं काही त्यांनी हाताने केलं की पाहुणे 'थांबा' म्हणतील. मग नव्या प्रकरणावर पुन्हा चाचणी, नव्या माणसांकडून.

चार दिवस हा प्रकार चालला. पंपाचा शेवटचा नट निघताना, पंप घसरून पडू नये म्हणून, सगळे नकळत खाली गुडघा लावतात, हे सापडलं. झाकण लावून ते पक्कं करण्याआधी बोटाच्या पेराने त्यावर दोनदा वाजवतात, आत एखादं हत्यार राहिलं असेल तर खुळखुळावं म्हणून, हे सापडलं. सगळ्यात मोठा तंटा झाला तो थोरल्या मिस्त्र्यांशी. पायरीकाकांचे ते जुने सोबती. "तुम्ही नट तोंडात धरता," पायरीकाका म्हणाले. "मी? कधी?" थोरले मिस्त्री म्हणाले, आणि तोंडातले दोन नट दातांवर वाजले. दोघे पाहुणे स्टुलावरून पडायचे बाकी राहिले. मग थोरले मिस्त्री रुसले. "तीस वर्षं माझी विमानं उडतायत, आता मला तोंड कसं वापरायचं ते शिकवा!" पुस्तकात लिहिलं गेलं ते एवढंच: काढलेले नट डब्यात ठेवा.

एकूण अकरा पायऱ्या निघाल्या. बावन्नच्या त्रेसष्ट झाल्या. पायरीकाकांनी त्या अकरा वेगळ्या कागदावर लिहून मला दाखवल्या, एखाद्याने नातवंडांचे फोटो दाखवावेत तशा.

दुसऱ्या चाचणीच्या दिवशी त्यांनी रजा टाकली. साहेबांनी सांगून पाहिलं, पण ते ऐकेनात. "मी तिथे असलो तर माझ्या तोंडाकडे बघूनच त्यांना कळेल, साहेब. पुस्तकाला एकट्याने जाऊ द्या." सकाळी नऊपासून ते आमच्याकडे घड्याळासमोर बसले. काकू मटार सोलत होत्या. "आता सतरावी चालू असेल," ते म्हणत. थोड्या वेळाने, "आता रिंग." काकूंनी मटारची परात त्यांच्या मांडीवर ठेवली. "घ्या. पायरी एक: शेंग उचला."

सव्वाबाराला फोन वाजला. थोरले मिस्त्री होते. त्यांचा आवाज एवढा, की आम्हालाही स्वच्छ ऐकू आला.

"कापड कोरडं! तीन तास पाच मिनिटं!"

"त्यांनी कुणाला काही विचारलं?"

"काही नाही. आम्ही आपले खांबासारखे उभे."

पायरीकाकांनी फोन ठेवला. "कुणाला काहीच विचारलं नाही," ते आम्हाला म्हणाले. जरा वेळाने पुन्हा तेच म्हणाले. मग उरलेल्या सगळ्या शेंगा त्यांनी सोलल्या.

करार व्हायला आणखी सात महिने गेले, आणि अठराची बारा झाली. विक्रीसाहेबांना अजून त्या सहांची हळहळ आहे. पण दरम्यान आणखी एका देशाने चौकशी केली, आणि त्यांनी म्हणे सगळ्यात आधी देखभालीची पुस्तकं मागवली. अधिकारी बाईंनी करारात एक कलम घालून घेतलं आहे: बाकीची एकशे चाळीस प्रकरणंही तशीच, स्टुलावर बसून तपासायची. निवृत्तीला आठ महिने उरलेल्या पायरीकाकांना त्यासाठी दोन वर्षं वाढवून मिळाली. पाठीला बरं पडावं म्हणून काकूंनी त्यांच्या स्टुलाला जाड गादी शिवून दिली आहे. सध्या ते चाकांच्या प्रकरणावर आहेत. काल जिन्यात भेटले तेव्हा मी विचारलं, काही सापडलं का?

"सात," ते म्हणाले. "अजून डावं चाक राहिलंय."