जळकं ऑइल

शेषेराव जळकोटकडच्या एका खेड्यात, जनावरांच्या दवाखान्यात एकतीस वर्षं ड्रेसर होते. खांदे सोललेले बैल, अळ्या पडलेल्या जखमा, सगळं त्यांच्या हातांनी धुतलं. गावात लोक त्यांनाच 'डॉक्टर' म्हणत आणि त्यांनी कधी कुणाला दुरुस्त केलं नाही.

निवृत्त झाल्यावर दुसऱ्या वर्षी, पावसाळा सरता सरता, त्यांच्या ओट्यावर झोपणाऱ्या तांबडी नावाच्या कुत्रीचे केस गळायला लागले. पोटावर पुवाच्या पुटकुळ्या आल्या, मग पाठीवर गोल खपल्या. वास इतका, की साखराबाई ओट्यावर बसेनात. "घालवून द्या तिला," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "गल्लीतले लोक म्हणून राहिलेत, खरूज हाय, लेकरायला लागंल."

शेषेरावांनी तांबडीला दोरी बांधून दवाखान्यात नेलं. तिथं आता लुंबिनी नावाच्या तरुण डॉक्टर होत्या. त्यांनी कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली.

"काका, ही खरूज नाही. गोचिडांमुळं खाजवून कातडी फुटली, त्यात जंतू शिरले. चार आठवडे गोळ्या द्या. केस आले तरी मधेच थांबायचं नाही."

"चार आठवडे? आमच्या येळेला तीन दिवसांत इंजेक्शन बंद."

"म्हणून तर दुखणं उलटायचं."

शेषेरावांना ते झोंबलं. पण भाकरीत गोळी दाबून ते सकाळ-संध्याकाळ देत राहिले. आठवड्यातून दोनदा औषधी शाम्पू लावायचे आणि घड्याळ पाहून दहा मिनिटं फेस तसाच ठेवायचे. तांबडी थरथरत उभी राहायची, पण पळायची नाही. तिसऱ्या आठवड्यात पाठीवर मऊ लव आली. नोकरीत जनावर यायचं, मलमपट्टी करून जायचं. पुढं त्याचं काय झालं ते त्यांना क्वचितच कळायचं. हे एक दुखणं ते पहिल्यांदा रोजच्या रोज बघत होते. संध्याकाळी त्या लवेवरून हात फिरवत बसायचे.

तेवढ्यात लातूरहून फोन आला, मुलगी ऋतुजा बाळंत झाली. दोघं नवरा-बायको निघाले. गोळ्या शेजारच्या अमृतरावांकडं दिल्या.

पाचव्या दिवशी परत आले तर तांबडी भिंतीच्या आडोशाला पडलेली. नाकापासून शेपटीपर्यंत काळीकुट्ट, चिकट. अंग चाटून चाटून तोंडही काळं झालेलं. उलट्या चालू होत्या आणि श्वासाला घरघर लागली होती.

"अमृतराव, हे काय केलं तुमी?"

"ट्रॅक्टरचं जळकं ऑइल लावलं. गोळ्या बी दिल्या, एक चुकवली न्हाई. लौकर बरी व्हावी म्हणलं."

"कुणी सांगितलं तुमाला?"

अमृतराव त्यांच्याकडं बघतच राहिले. "तुमीच की! आमच्या मोत्याला अंगभर फोड आले तवा दवाखान्यात तुमीच सांगितलं. समद्या गावाला तुमीच सांगत आलात."

शेषेरावांना मोत्या आठवेना. असे कितीतरी मोत्या असतील.

"बरा झाला होता का तो?"

"न्हाई, मेला. पण तो रोगानंच मेला असंल की."

लुंबिनी डॉक्टर घरी आल्या. भांड्याच्या साबणानं तेल धुतलं, सलाईन लावलं. दोषाचा एक शब्द त्यांनी काढला नाही. तो काढला असता तर शेषेरावांना बरं वाटलं असतं. तिसऱ्या दिवशी दुपारी तांबडी गेली.

"असल्या रोगाचं कुत्रं जगतच नसतं," अमृतराव समजूत घालायला आले.

पुढं शेषेराव घरोघर गेले. जळकं ऑइल लावू नका, ते विष आहे, मी चुकीचं सांगत होतो, असं उंबऱ्यात उभं राहून बोलले. लोकांनी हाव हाव म्हणत माना डोलावल्या, चहा पाजला. ते वळले की हसले. तांबडी गेल्यापासून म्हाताऱ्याचं डोकं फिरलं, अशी गावात बोलवा झाली. सरकारी दवाखान्यात उभं राहून सांगितलेलं लोकांनी पक्कं धरलं होतं. घरी बसल्यावर सांगितलेलं कुणी धरलं नाही.

दिवाळीनंतर वेशीजवळच्या एका घरापुढं त्यांना काळं, चकाकणारं पिल्लू बांधलेलं दिसलं. मालकीण कौतुकानं म्हणाली, "डॉक्टर, तुमचंच औषध लावलंय."