पन्नास ग्रॅमचा ग्राहक

कोरीटचे गिरधर आप्पा एकसष्ट वर्षांचे, आणि एकदा बोलायला लागले की समोरच्याचा चहा गार झालाच म्हणून समजा. पण तीन वर्षांपासून समोर कोणी नसायचं. बायको गेली, मुलगा सुरतेला. आप्पा कुकरशी बोलत. तो निदान शिट्टी तरी देई.

गावातल्या शेतकऱ्यांनी मिळून काढलेल्या मिरची कंपनीत आप्पा संचालक. तिथे त्यांनी एकट्या माणसासाठी पन्नास ग्रॅम तिखटाच्या पुडीची कल्पना मांडली. ती तपासायला नाशिकहून सल्लागार स्वप्नाली मॅडम आल्या आणि त्यांनी सगळ्यांना ‘डिझाइन थिंकिंग’ समजावलं: आधी ग्राहकाच्या घरी बसा, त्याचं काय अडतं ते ऐका, आणि मग बघा, नवा माल कंपनीच्या हेतूशी जुळतो का. हेतू भिंतीवरच रंगवलेला होता: सभासदांची मिरची क्विंटलने खपवणे. जुळलं, तर पुढे सहा महिने नमुने घेऊन घरोघर फिरायचं होतं. आप्पांना पुडीपेक्षा ते सहा महिने हवे होते.

दहा घरं सांगितली होती. आप्पांनी चाळीस केली. इस्त्रीचा पांढरा सदरा, हातात वही, आणि प्रश्न असे: घरात माणसं किती, स्वयंपाक कोण करतं, तिखट कितपत चालतं? आपल्याकडे असे प्रश्न घेऊन फिरणारा माणूस स्थळ बघायलाच आलेला असतो. घरोघरी पोहे आले. लोणखेड्याच्या मंगलाबाईंनी तर पुतणीचा बायोडाटाच पुढे ठेवला.

“आप्पा, पोऱ्या काय करस?”

“पोऱ्या नही ताई, मिरची शे.”

“मंग सोताकरता देखी ऱ्हायनात का?” मंगलाबाईंच्या जावेनं विचारलं, आणि सगळं घर हसलं. आप्पाही हसले, जरा उशिरा. पोहे मात्र दोनदा घेतले.

चाळीसही घरांत वर्षाचं तिखट उन्हाळ्यातच कुटून डब्यात भरलेलं. पुडी कोणालाच नको. वहीचं एकेचाळिसावं पान आप्पांनी स्वतःच्या ओट्यावर बसून भरलं. माणसं किती? एक. पुडी हवी? हो.

बैठकीआधी त्या बेरजेतल्या एकापुढे शून्य काढायला त्यांनी पेन टेकवलंसुद्धा. पण चाळीस घरांनी खरं सांगितलं होतं. पोह्यांना जागायला हवं. त्यांनी पेन खिशाला लावलं आणि बैठकीत होता तोच आकडा वाचून दाखवला.

“एक घरसाठे नवं मशीन लेवानं का, आप्पा?” अध्यक्ष हिंमतरावांनी विचारलं.

पुडी रद्द करायला हात वर झाले. त्यात आप्पांचाही होता.

स्वप्नाली मॅडम कामाच्या पक्क्या. “त्या एका ग्राहकाला निर्णय कळवायला हवा,” त्या म्हणाल्या. “पत्ता देता?”

“ऱ्हाऊ द्या,” आप्पा वही मिटत म्हणाले. “मी सांगी देसू त्याले.”