न चाखलेलं कालवण

बोर्ली पंचतनहून निघालेला रस्ता जिथे बंदराकडे वळतो, तिथे गाडीची काच खाली करून कुणालाही विचारा, जेवायला कुठे चांगलं मिळेल? वर्षानुवर्षं एकच उत्तर मिळत आलं, ठमाबाईकडे जा. पाटी नाही, काही नाही. पत्र्याची पडवी, चार बाकं, मागे चूल. कुणी शहाण्याने मेनूकार्ड मागितलंच तर ठमाबाई म्हणायची, "होडीत काय आलं ते मलाच आत्ता कळलंय, तुला छापून कुठनं देऊ?" माणसं हसायची, समोर येईल ते खायची आणि जाताना डब्यात बांधूनही न्यायची.

कालवणात मीठ ती दोनदा घालायची. पहिल्यांदा हात आखडून. मग उकळी आली की पळीतला थोडा रस डाव्या तळहातावर घ्यायचा, फुंकर मारायची, जिभेला लावायचा आणि उरलेलं मीठ टाकायचं. कोकमाचं आगळ कधी जास्त आंबट निघतं, मासा कधी बर्फातला असतो, मग ठरलेलं मीठ चालेल कसं? लोक तिच्या मसाल्याचं कौतुक करायचे. मसाला बिचारा सगळ्या गावाचा सारखाच. चव होती ती त्या तळहाताची.

नारळी पुनवेनंतर होड्या सुटल्या आणि थोड्याच दिवसांत तिचा एकुलता एक मुलगा हरेश्वर ज्या होडीवर होता ती खाडीच्या तोंडाशी उलटली. बरोबरचे दोघे पोहत किनाऱ्याला लागले. हरेश्वर लागला नाही. गावाने खाडी पालथी घातली, पार पलीकडच्या किनाऱ्यापर्यंत माणसं चालत गेली. हाती काही आलं नाही.

आता त्या वाडीची एक रीत सांगायला हवी. समुद्राने नेलेल्या माणसाचा देह मिळेपर्यंत त्याच्या घरात कुणी मासा तोंडात घालत नाही. का, ते कुणी बोलत नाही, आणि विचारूही नये. देह मिळालाच नाही, तर घरातलं मोठं माणूस एक दिवस मनाशी ठरवतं आणि माशाचा पहिला घास स्वतः घेतं. मग दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. म्हणजे मोठ्या माणसाने मासा खाल्ला की गेलेला माणूस मेला. तोवर तो नुसता आलेला नसतो.

ठमाबाईला तो नुसता न आलेलाच हवा होता. "देह दावा, मंग बोला," ती सांगायला येणाऱ्यांना म्हणायची. कुणा मोठ्या बोटीने उचलला असेल, गुजरातला नेला असेल, फोन पाण्यात गेला, नंबर कुठला पाठ असायला. सून रुचिता ऐकून घ्यायची. हरेश्वरची पाच वर्षांची मुलगी प्राप्ती डाळभाताला कंटाळून मासा मागायची तेव्हा आजी सांगायची, "बाबा आला की खायाचा." पोरगी तेवढ्यावर उठून हात धुवायची.

पण चूल किती दिवस थंड ठेवणार? घर त्या खानावळीवरच चालत होतं. शेवटी ठमाबाईने तोड काढली. "रांधीन, पन चाखनार न्हाय." आणि तिथेच सगळं फसलं.

सुरुवातीला शेजारच्या मनुबाईने चाखून द्यायचं कबूल केलं. मनुबाईची जीभ मिश्रीने मेलेली, तिला सगळंच अळणी लागायचं. पाहुण्यांनी पहिल्या घासाला पाण्याचे तांबे रिकामे केले. शिवाय चाखलं की मनुबाई "कसा गं माझा हरेश्वर" म्हणून डोळ्याला पदर लावायची. ठमाबाईने एके दिवशी तिच्या हातातली पळी काढून घेतली. "माझा हाय तो. रडायचं तर तुझ्या घरी रड."

मग नुसता अंदाज. ज्या हाताने आयुष्यभर रांधलं त्या हाताला आता भरवसा राहिला नव्हता. मीठ टाकताना मन खाडीच्या तोंडाशी जायचं, परत येईतो टाकलं की नाही तेच आठवायचं नाही. एक दिवस खारट, दुसऱ्या दिवशी पाणचट. कुणीतरी मोबाईलवर लिहिलं, म्हातारीची चव गेली, पुढे जा. गाड्या पडवीपाशी हळू व्हायच्या आणि पुढच्या वळणावरच्या नव्या हॉटेलकडे जायच्या. त्यांना तरी काय दोष द्यायचा? माणूस भूक घेऊन येतं, कुणाचं दुःख गिळायला येत नाही.

नाताळच्या सुट्टीआधी रुचिता बोलली. "आये, ह्या सुट्टीत बाकं भरली न्हाईत तर मी प्राप्तीला घेऊन पेणला भावाकडं जाते. तिथं काम भेटंल."

"आनि हरेश्वर आला तर?"

रुचिता भांडी घासत राहिली. ठमाबाईला तिचा राग आला आणि त्याहून जास्त भीती वाटली. मुलगा समुद्रात, सून आणि नात पेणला, मग ह्या पडवीत आपण कुणासाठी दिवा लावायचा?

सुट्टीत निकेतचा फोन आला. दरवर्षी येणारं जुनं गिऱ्हाईक, या वेळी बायकामुलं, मित्र, सगळ्यांना घेऊन येत होता. दुपारी बाकं गच्च भरली. सुरमईचं कालवण चुलीवर उकळत होतं. ठमाबाईने मिठाच्या बरणीत हात घातला आणि हात तिथेच थांबला. घातलं होतं का मघाशी? आठवेना. बाहेरून निकेतचा आवाज आला, "मावशी, पोरं भुकेजलीत."

रुचिता आत आली. तिने बरणीतला तो थांबलेला हात पाहिला. पळी उचलली आणि रस स्वतःच्या तळहातावर ओतला.

ठमाबाईने तिचं मनगट धरलं. "काय करतेस?"

"कुनीतरी चाखाया हवं, आये."

"तू न्हाय. उद्या गाव म्हनंल, बायकोनंच मारला त्याला."

"म्हनू दे. मला बी समजतं तो न्हाय येनार. तुमाला समजत न्हाय व्हय?"

समजत होतं. पहिल्या आठवड्यापासून समजत होतं. ठमाबाईने सुनेचा तळहात तसाच वर ओढला, वाकली आणि तो रस स्वतः प्यायली. गरम होता, जीभ पोळली. कितीतरी वेळ ती त्या हातावर तोंड टेकून राहिली. रुचिताने हात मागे घेतला नाही.

"मीठ न्हाय पडलेलं," ठमाबाई म्हणाली आणि मूठभर मीठ पातेल्यात सोडलं.

पडवीत ताटं गेली. बोलणं थांबलं, नुसता जेवणाचा आवाज येऊ लागला. निकेत दुसऱ्यांदा वाढून घ्यायला आत डोकावला. "मावशी, आज पहिल्यासारखं झालंय." तिने मान हलवली.

पाहुणे गेल्यावर ती रुचिताला म्हणाली, "भटजीला निरोप धाड. दर्भ आनाया सांग." मग ताट घेऊन चुलीपुढे बसली, भातावर कालवण ओढलं, सुरमईचा तुकडा घेतला आणि जेवू लागली. डोळ्यांतलं पाणी गालावरून ताटात पडत होतं, तिने पुसलं नाही.

प्राप्ती अंगणातून धावत आली ती आजीचं ताट बघून दारातच थांबली. तिचा चेहरा फुलला. ती वळली, बंदराच्या रस्त्याकडे लांबवर बघितलं आणि विचारलं, "आजी, बाबा आला?"

ठमाबाईने तिला मांडीवर ओढून घेतलं. सुरमईचा काटा बोटांनी नीट काढला, मासा भातात कालवून घास केला. "न्हाय बाय. आता न्हाय यायाचा," ती म्हणाली आणि तो घास नातीच्या तोंडात घातला.