डबीवरचं नाव

आमच्या दवाखान्यात तिला सगळे लॉन्ड्रीबाई म्हणायचे, आणि ते नाव तिनंच स्वतःला ठेवलं होतं. काय काम करता म्हणून कुणी विचारलं की म्हणायची, "मी धुते." काय धुते, हे समोरच्याला कळायला जरा वेळ लागायचा, आणि कळलं की तो लाल होऊन खिडकीबाहेर बघायला लागायचा. ज्यांना मूल होत नाही अशा जोडप्यांचा आमचा दवाखाना. नवऱ्याचं वीर्य डबीत यायचं. ते धुऊन, निवडून, त्यातले दमदार शुक्राणू तेवढे काढून डॉक्टरांच्या हातात द्यायचे, हे तिचं काम. मी तिथली सिस्टर. चौदा वर्षं आम्ही एका भिंतीच्या दोन बाजूंना काम केलं, मधे फक्त डब्या द्यायची छोटी खिडकी.

तिच्या सासूनं सगळ्या नातेवाइकांत सांगून ठेवलं होतं, की सून रक्त तपासते. बावीस वर्षं रक्तच तपासत होती बिचारी! नणंदेनं एकदा हौसेनं अत्तराची बाटली आणली, तर हिनं ती परत केली. शुक्राणूंना सोसत नाही म्हणून प्रयोगशाळेत वासाची कुठलीच वस्तू चालत नाही, पण ते नणंदेला समजावायचं तर मग रक्ताचं सोंग फुटणार. नणंदेनं दोन वर्षं अबोला धरला. लॉन्ड्रीबाई म्हणाली, "धरू दे गं. तेवढेच कान शांत."

मी नवीन होते तेव्हा तिनं मला एकदा सगळं दाखवलं होतं. नळीच्या तळाशी दाट द्रव, त्यावर जरा पातळ, आणि सगळ्यात वर नमुना. मशीनमध्ये नळी गरगर फिरवली की मेलेले, लुळे आणि बाकीचा कचरा वरच अडकतो, आणि धडधाकट तेवढे खाली उतरतात. ते उचलायचे, स्वच्छ द्रवात पुन्हा दोनदा धुवायचे. कधी कधी नळी तिरकी करून तासभर उबेत ठेवायची, म्हणजे ज्यांना पोहता येतं ते आपले आपण वर येतात. सूक्ष्मदर्शकातून बघताना ती डावा डोळा मिटून त्यांच्याशी बोलायची. "चला रे, आळशांनो, कुठं फिरताय गोल गोल?" मी हसून हसून बेजार व्हायचे.

एका बाबतीत मात्र ती अजिबात ऐकायची नाही. डबीवर जोडप्याचं नाव आणि नंबर आधीच चिकटवलेला असायचा. ती डबी माणसाच्या हातात देताना त्यानंच ते नाव मोठ्यानं वाचायचं आणि वहीत सही करायची, हा तिचा नियम. पण डबी द्यायचं काम माझं होतं, आणि खरं सांगते, मला त्या नियमाचा वैताग यायचा. पुरुष असे मान खाली घालून उभे असतात, की जणू चोरी करून आलेत. डबी हातात पडली की लगेच रुमालात गुंडाळतात. त्यात त्यांना भरल्या व्हरांड्यात नाव वाचायला लावायचं? मला दया यायची. मग कधी कधी मी सोडून द्यायचे. कधी कधी कसलं, पुष्कळदा.

त्या दिवशी दोनच जोडपी होती. पहिलं टेलरचं, दुसरं बँकेतल्या कारकुनाचं. टेलरची ही तिसरी खेप. आधीच्या दोन्ही खेपांना त्याचा आकडा चार मिलियनच्या वर गेला नव्हता, आणि त्यातलेही निम्मे झोपलेले. मग त्यानं तीन महिने औषधं घेतली, तंबाखू सोडली, गरम इस्त्रीपुढं बसणं बंद केलं, स्वतःसाठी ढगळ पँटी शिवल्या. "सिस्टर, मी आता विदूषक दिसतो," म्हणाला, पण खूश होता. त्याची बायको मात्र थकली होती. सुया टोचून टोचून पोट निळं पडलेलं. सकाळीच ती मला म्हणाली, "सिस्टर, ही शेवटची. यानंतर माझ्याच्यानं होणार नाही."

टेबलावर दोन डब्या मी यादीप्रमाणे मांडून ठेवल्या होत्या, डावीकडे टेलरची, उजवीकडे कारकुनाची. पहिला येईल त्याला डावीकडची, एवढं डोक्यात धरून मी फोनवर कुणाला तरी तारीख देत होते. एक माणूस आला, मान खाली. मी न बघता डबी पुढं केली. दुसरा आला, त्याला दुसरी. दोघांनीही नाव वाचलं नाही, मीही वाचायला लावलं नाही. वहीतल्या दोन्ही सह्या मीच गिरवल्या. अर्ध्या तासात दोन्ही डब्या खिडकीतून पलीकडे गेल्या.

पुढं सगळं रीतसर झालं. लॉन्ड्रीबाईनं पहिली डबी उघडली, नाव बघितलं, नळीवर तेच घातलं, फाइलशी ताडून पाहिलं. तिच्याकडून एका अक्षराची चूक नाही. थेंब काचेवर घेऊन मोजला तर बेचाळीस मिलियन! तिनं पुन्हा मोजला, तरी बेचाळीसच. डॉक्टर तर उडालेच. टेलरच्या पाठीवर थाप मारून व्हरांड्यातच म्हणाले, "काय हो, इतके दिवस लपवून ठेवले होते कुठं?" टेलरचा चेहरा मी जन्मात विसरणार नाही. त्यानं तिथल्या तिथं आईला फोन लावला, आवाज फाटेपर्यंत ओरडून सांगितलं. बाकावरच्या बायकासुद्धा हसायला लागल्या. अर्ध्या-पाऊण तासानं नळी तयार झाली, डॉक्टरांनी बारीक नळीनं ते सगळं बायकोच्या पोटात सोडलं, आणि ती पाय उंच करून पडून राहिली. टेलर तिच्या उशाशी स्टुलावर.

मग लॉन्ड्रीबाईनं दुसऱ्या डबीतला थेंब बघितला.

मी खिडकीतून तिला पाठमोरी बघत होते. ती काही बोलेना. आळशांनो नाही, काही नाही. मग वळली तेव्हा तोंडावर रक्ताचा थेंब नव्हता. "अगं," ती म्हणाली, "हे कारकुनाचं नाही. गेल्या वेळी त्याचे साठ होते. हे चार आहेत, आणि असे गोल गोल फिरणारे मी आधी दोनदा पाहिलेत. हे टेलरचे आहेत. डबी देताना नाव वाचून घेतलंस ना?"

"घेतलं की," मी म्हटलं. तोंडातून आपोआपच निघालं.

ती सरळ व्हरांड्यात गेली आणि कारकुनाला विचारलं, "आत आधी कोण गेलं होतं?" तो म्हणाला, "मी. त्यांचा नंबर होता, पण ते म्हणाले मला घाबरल्यासारखं होतंय, तुम्ही जा." म्हणजे टेलरच्या नावाची डबी कारकुनाच्या हातात गेली होती. मी भिंतीला धरून उभी राहिले. टेलरच्या बायकोच्या पोटात परक्या माणसाचं बीज गेलं होतं, आणि ते मी पाठवलं होतं.

"ताई, नाही वाचून घेतलं," मी म्हटलं. तिनं माझ्याकडे बघितलं. थोबाडीत मारली असती तरी परवडलं असतं.

डॉक्टरांनी आम्हाला खोलीत घेऊन दार लावलं. घामानं त्यांची कॉलर भिजली होती. "हे बघा, दहात एकीला राहतं," ते म्हणाले. "हिला राहणारही नाही. आता सांगून आपल्या तिघांच्या पोटावर पाय आणि त्यांचा संसार उद्ध्वस्त. गप्प बसलं तर कुणाला काही कळणार नाही."

"आणि राहिलं तर?" लॉन्ड्रीबाई म्हणाली.

"तर मूल होईल. त्यांना तेच हवंय ना?"

"त्यांना त्यांचं हवंय, डॉक्टर. नाहीतर बाहेरच्या पुरुषाचं घ्यायला आपण त्यांना गेल्या वर्षीच सांगितलं होतं, तेव्हा टेलर नाही म्हणाला होता. आठवतंय? मी सांगायला चाललेय. तुम्ही येणार का?"

मला वाटलं डॉक्टर तिला अडवतील. ते उठले, बसले, पुन्हा उठले, आणि कपाटातून एक गोळी घेऊन आमच्या मागून आले. एवढं तरी केलं.

खोलीत टेलर बायकोच्या केसांवरून हात फिरवत होता. लॉन्ड्रीबाई त्यांच्यासमोर उभी राहिली आणि न थांबता सांगून टाकलं. डब्यांची अदलाबदल झाली. तुमच्या पोटात गेलं ते तुमच्या नवऱ्याचं नाही. चूक आमची आहे. मग डॉक्टरांनी गोळीचं सांगितलं. ही लगेच घेतली तर बहुतेक राहणार नाही, पण शंभर टक्के खात्री नाही, घ्यायची की नाही ते तुम्ही ठरवा.

बायको उठून बसली. पाय खाली सोडले. मलाच राहवलं नाही. "चूक आमची नाही, माझी," मी म्हटलं. "डबी मी दिली. नाव वाचून घेतलं नाही. ताईंनी काही केलेलं नाही." बायकोनं माझ्याकडे असं बघितलं की जणू मी तिच्या ओळखीचीच नाही. मग हात पुढं केला, गोळी घेतली आणि पाण्याशिवायच गिळली. मी ग्लास घेऊन तशीच उभी राहिले.

बाहेर कारकुनाला कळलं होतं. त्याचा आरडाओरडा दारातून ऐकू येत होता. त्यानं त्याच दिवशी लेखी तक्रार दिली, आणि बरोबरच केलं. मला वाटलं, आता टेलरही उठेल, माझी गचांडी धरेल. धरावी असंच मला वाटत होतं. पण तो स्टुलावरून हललासुद्धा नाही. त्यानं फक्त मान वर केली आणि लॉन्ड्रीबाईला विचारलं, "मॅडम, म्हणजे तो बेचाळीस माझा नव्हता?"

अहो, एवढं सगळं झालं आणि माणूस विचारतो काय! मला धक्क्यावर धक्का बसत होता, पण हा सगळ्यात मोठा.

"नाही," ती म्हणाली. "तुमचा चारच आहे. औषधानं फरक नाही पडला."

त्यानं मान हलवली. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. आईचा होता. तो फोनकडे नुसताच बघत राहिला, शेवटी बायकोनं तो त्याच्या हातातून घेतला.

"आई, आजचं रद्द झालं," ती म्हणाली. आवाज अगदी सरळ. "इथलं मशीन बिघडलं."

म्हातारीचा आवाज एवढा मोठा, की खोलीभर ऐकू येत होता. "बिघडलं? अगं, मग रिपोर्ट चांगला आला म्हणून तो कशाला ओरडत होता? का मला बरं वाटावं म्हणून थापा मारता दोघं? तिथल्या कुणाला तरी फोन दे बघू!"

बायकोनं फोन आमच्याकडे धरला. डॉक्टर भिंतीकडे बघायला लागले. माझा हात पुढं गेला नाही. लॉन्ड्रीबाईनं घेतला.

"आजी, मी प्रयोगशाळेतली बाई बोलतेय. मशीन बिघडलं हे खरं आहे. आमची चूक."

"आणि माझ्या लेकाचा रिपोर्ट?"

तिनं टेलरकडे बघितलं.

"चांगला आहे, आजी," ती म्हणाली. "एकदम चांगला आहे."

टेलर तेव्हा रडायला लागला. पलीकडे आईला ऐकू जाऊ नये म्हणून त्यानं शर्टाची बाही दातांत धरली होती.