मशेरीला घड्याळ

माझा स्वभावच संशयी. घड्याळं दुरुस्त करणाऱ्याला तो लागतोच. गिऱ्हाईक शपथेवर सांगतं, पाण्यात पडलं नाही म्हणून, आणि उघडलं की आत गंज. ऐंशीनंतरच्या पहिल्या दोन-चार वर्षांतली गोष्ट. तेव्हा रत्नागिरीत एस.टी. स्टँडजवळ माझं टीचभर दुकान होतं.

बायकोच्या गालाला आतून पांढरा चट्टा आला. डॉक्टर म्हणाले, मशेरी सोडा, नाहीतर हे कॅन्सरवर जाईल. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, कुटायची आणि दातांना लावून बसायचं, याशिवाय आमच्या आळीतल्या निम्म्या बायकांचा दिवस उजाडत नसे. "कमी करीन वो हळूहळू," ती म्हणाली. माझा विश्वास बसला नाही. मी घाबरलो होतो, आणि घाबरलो की मला माणसापेक्षा यंत्राचा भरवसा वाटतो.

गजराच्या जुन्या घड्याळाचं यंत्र मी एका पत्र्याच्या डब्याला बसवलं. सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला घंटी वाजायची, खिटी सरकायची आणि झाकण उघडायचं. आत मी चिमूटभरच मशेरी ठेवायचो, एका वेळी तेवढीच हाती यायची. सवय आपोआप उतरेल, असा माझा हिशेब. डॉक्टरांना डबा दाखवून मी शाबासकीही घेऊन आलो.

तिने तो मुकाट्याने वापरायला घेतला. भांडण नाही, कुरकुर नाही. तिथेच माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. तिच्या बोटांना वास तसाच येत होता. मी तांदळाचं पिंप चाचपलं, मिठाची बरणी उपसली, देवांच्या मागे हात घातला. काही सापडलं नाही. वाण्याला आडून विचारलं, तर तो म्हणाला, वहिनी तंबाखू न्यायला येतच नाहीत.

शेवटी एका दुपारी दुकान बंद करून घरी आलो. घराला कडी. शेजारच्या पडवीत चार बायका बसलेल्या आणि त्यांच्यात ही, दातांत बोट घालून. मशेरी मागितली तर नाही म्हणायची आमच्याकडे रीत नाही. ज्या बाईच्या नवऱ्याने तिची मशेरी कोंडून ठेवली, तिला तर न मागताही मिळत होती.

"तुमी डब्याला कुलूप घातलात, भावोजी," शेजारीण म्हणाली. "मग आमी पन तिला नाय म्हनायचा काय?"

खोटं कशाला सांगू, संशय खरा ठरला म्हणून आधी मला बरंच वाटलं. मग कळलं की पूर्वी दोनदा लावणारी आता पाच-पाच वेळा लावत होती.

त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे गेलो. चट्टा वाढला होता. "दिवसातून किती वेळा लावता?" त्यांनी विचारलं.

"दोनदा," ती म्हणाली. "डब्यात असते तेवढीच."

डॉक्टर बुचकळ्यात पडले. मग मशेरीचा दोष नसेल, म्हणाले, दुसरं काही शोधायला हवं. ती भिंतीकडे बघत होती. माझी लाज राखायला ती स्वतःच्या जिवाशी खेळत होती, आणि मी थोडा वेळ तिला खेळू दिलं. मग सगळं सांगून टाकलं. बोलताना माझे कान तापले होते.

परतताना मारुती मंदिरापर्यंत आम्ही चालत आलो. तिथे मी विचारलं, "तल्लफ कधी येते तुला?"

"दुपारी," ती म्हणाली. "पोरं शाळेत, तुमी दुकानात. घर खायला उठतं."

दुसऱ्या दिवसापासून मी दुपारचा जेवायला घरी येऊ लागलो. तिला वाटलं, पाळत ठेवायला येतोय. पहिले काही दिवस ते थोडंफार खरंही होतं.